करंगळी

"टोपी घालू का काढू?" अण्णा दारातून विचारत होते, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन माणसं माझी वाट बघत बसली होती.

"घाला," मी म्हटलं. "आणि खुंटीवरचा रुमाल आणा."

दुपारची वेळ होती. हळदीची पेठ जेवून आडवी झाली होती. हमाल पोत्यांवर निजलेले, कुत्री गाळ्यांच्या सावलीला. इंटरनेट आमच्या घरी नव्हतं, अण्णांच्या गाळ्यात होतं, म्हणून माझी मुलाखत गाळ्यात. पडद्यावर दक्षिणेकडच्या एका विद्यापीठातल्या पांढऱ्या केसांच्या बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी एक तरुण प्राध्यापक. माझ्या पाठीमागं गादीवर नाना हेरवाडे बशीतून चहा ओढत होते. पेठेतले सगळ्यात मोठे खरेदीदार. रोज दुपारी ते आमच्याकडं चहाला यायचे. त्यांना आज उठा म्हणायची छाती कुणाची होती?

मी ज्या पदवीसाठी धडपडत होते तिचं नाव आमच्या घरात कुणाला धड घेता येत नव्हतं. चार वर्षांचा अभ्यास, संगणकशास्त्र आणि अर्थशास्त्र मिळून एकच पदवी. ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या तांबोळी मॅडमनी ती शोधून काढली होती. लेखी परीक्षा मी पार केली होती. उरली होती ही मुलाखत.

बाईंनी इंग्रजीत सरळ विचारलं होतं. कॉम्प्युटर हवं तर कॉम्प्युटर घे, अर्थशास्त्र हवं तर ते घे, दोन्हीला एकदम हात कशाला घालतेस?

या प्रश्नाचं गुळगुळीत उत्तर मी पाठ केलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. नजर भिंतीवर गेली. तिथं अण्णांचा सौद्याचा रुमाल टांगलेला होता. धुऊन धुऊनही पिवळाच राहिलेला. मग मी रुमालाचंच सांगितलं.

ज्यांनी आमची पेठ पाहिली नाही त्यांच्यासाठी इथंही सांगते. शेतकरी हळद आणतो, अडत्याच्या गाळ्यापुढं ढीग लावतो. माझे वडील गुरुपाद आवटी, म्हणजे अण्णा, असे अडत्ये, शेतकऱ्याचा माल विकून देणारे. खरेदीदार जमले की अडत्या आपल्या हातावर रुमाल टाकतो. एकेक खरेदीदार रुमालाखाली हात घालतो आणि अडत्याची बोटं धरून आपला भाव सांगतो. तोंडानं एक अक्षर नाही. किती बोटं, कुठली, कशी दाबली, त्यावर भाव. पंजा धरला तर माल अव्वल. नुसती करंगळी धरली तर माल कचरा, मातीमोल भावात टाकणार असशील तर उचलतो. सगळ्यांचे हात होऊन गेले की अडत्या रुमाल काढतो आणि सगळ्यात चढा भाव पुकारतो. ज्याची हळद असते तो समोर उभा असतो. त्याला दिसतो फक्त रुमाल.

आणि आत काय झालं ते अडत्यानं कधीही, कुणालाही सांगायचं नाही. देवळातल्या शपथेसारखं असतं ते.

पांढऱ्या केसांच्या बाई पुढं सरकल्या. करून दाखव म्हणाल्या. म्हणून टोपी, म्हणून रुमाल. अण्णा लाजत आले, माझ्याशेजारी बसले, रुमाल टाकला, मी आत हात घातला. लहानपणी रविवारी आम्ही हाच खेळ खेळायचो. मी त्यांची तीन बोटं धरली, ते हसले आणि पडद्याकडं बघून भाव बोलले. बाईंनी टाळी वाजवली.

मग बाईंनी अण्णांना प्रश्न विचारला. मी मराठीत सांगितला. ज्याचा माल आहे त्याला बाकीच्यांचे भाव कळतात का?

"त्याला कळून काय करायचंय?" अण्णा म्हणाले. "ते मला कळतात. म्हणून तर मी अडत्या."

"आणि हात देणाऱ्यांनी आधीच आपसांत ठरवून घेतलं तर?" मी बाईंचा पुढचा प्रश्न सांगितला.

अण्णांनी टोपी सरळ केली. "मग ते रुमालाला कळतं," ते म्हणाले, "आणि मला."

मी याचं इंग्रजी केलं. पाठीमागं बशी कपाला लागल्याचा आवाज झाला.

तरुण प्राध्यापकानं विचारलं, मग तू यात काय करशील? मी अठरा वर्षांची होते, अंगात वारं होतं. म्हटलं, मी असं यंत्र करीन की प्रत्येक बोली माल आणणाऱ्याला तिथल्या तिथं दिसेल. नुसता पडदा उघडून भागत नाही. वर्षाच्या बोल्या एकत्र मांडल्या की कोण कुणाशी संगनमत करतो तेही निघतं. यंत्र कसं करायचं ते एक शास्त्र सांगतं, काय शोधायचं ते दुसरं. म्हणून मला दोन्ही पाहिजेत.

हे सगळं इंग्रजीत. अण्णांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. लेकीचं तोंड चालतंय एवढ्यावरच ते खूश होते.

नानांना इंग्रजी येत होतं. त्यांच्या संस्थेचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं.

मुलाखत संपली तसे नाना उठले, कोट झटकला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरगी हुशार आहे हो तुमची, अण्णा. काय सुरेख इंग्रजी बोलते."

पंधरवड्यात निकाल आला. जागा मिळाली, शिष्यवृत्तीही मिळाली. अण्णांनी पेठेत पेढे वाटले. पेढा खाऊन पेठ काय बोलली तेही ऐका. एक म्हणाला, कॉम्प्युटर आणि अर्थ म्हणजे शेवटी दिवाणजीच की, मग दक्षिणेत कशाला पाठवायची? दुसरा म्हणाला, एका म्यानात दोन तलवारी, नवरा मिळायचा वांधा होईल. पोती तोलणारा तोलार रामू माने म्हणाला, "नीलाक्का, दोन शिकणार म्हणजे पगार पण दोन काय?" त्याचं मला बरं वाटलं. बाकीच्यांच्या बोलण्यात दात होते. माझं नाव नीलांबिका. ते पेठेत कुणी पूर्ण घेतलं नाही कधी.

नानांनी दोन पेढे खाल्ले.

त्यानंतरच्या सौद्याला मी गाळ्यातच होते. सुट्टी होती, अण्णांना पावत्या करून द्यायचे. नदीपलीकडचे दादू खोत हळद घेऊन आले होते. दरसाल आमच्याकडंच यायचे. हळकुंड असं की मोडलं तर आत केशरी, वास पार रस्त्यापर्यंत. अण्णांनी रुमाल टाकला. पहिला हात नानांचा. मग दुसरा, तिसरा, ओळीनं सगळे. नेहमीसारखंच. बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार? पण मी अण्णांचं तोंड बघत होते. नानांचा हात निघाला तेव्हा ते हसत होते. तिसरा निघाला तेव्हा हसू तोंडावरच वाळलं. शेवटचा हात निघाल्यावर त्यांनी रुमाल लगेच काढला नाही. तसेच उभे राहिले, जणू अजून कुणीतरी येणार आहे.

मग त्यांनी भाव पुकारला. असला भाव किडक्या हळदीलाही कुणी पुकारत नाही.

दादू खोतांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. परत विचारलं. अण्णांनी परत तोच सांगितला. शेजारच्या गाळ्यात यापेक्षा हलका माल जवळजवळ दुप्पट भावानं गेला होता, सगळ्यांच्या कानांवर पडलेलं.

"अण्णा," खोत सावकाश म्हणाले, "तुमच्या रुमालाला भोक पडलं काय?"

लोक हसले. नानाही हसले. अण्णांनी मान खाली घातली. त्यांनी नुसतं एवढं म्हटलं असतं की बाबा, मला हेच मिळालं, सगळ्यांनी हेच दिलं, तर सुटले असते. पण आतलं बाहेर सांगायचं नाही. तीस वर्षं पेठेत उभा राहिलेला माणूस तोंड शिवून उभा राहिला आणि चोर ठरला. खोतांनी पोती परत गाडीत भरली. जाताना माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून दिसते.

पुढच्या सौद्याला गाड्या कमी आल्या. आल्या त्यांचं तेच झालं. त्याच्या पुढच्या सौद्याला आमच्यापुढं दोन ढीग होते आणि शेजारी रीघ. मला कारण कळेना. अण्णांना विचारलं तर म्हणाले, बाजार आहे, चढ-उतार असायचाच. घरी जेवायला बसले की भाकरी मोडून ठेवायचे आणि हात धुऊन उठायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, तिला वाटलं लेक लांब जाणार म्हणून बापाचा जीव कालवतोय.

"जाऊ दे तिला," ती त्यांना म्हणाली. "मी दहावीला वर्गात दुसरी होते. पुढं काय झालं? तुमच्या घरच्या भाकरी. तिला जाऊ दे."

अण्णा म्हणाले, मी कुठं नाही म्हणतोय?

खरंच, ते नाही म्हणाले नव्हते. मला कुणीच नाही म्हटलं नाही. आमच्याकडं मुलीला नाही म्हणायची पद्धत जुनी झाली आता. आता सगळे हो म्हणतात आणि जमिनीखालून वाट कापतात.

विद्यापीठाला होकार कळवायची मुदत जवळ आली तेव्हा नाना घरी आले. बर्फीचा पुडा आणला. सोप्यात बसले, अव्वाची, माझी चौकशी केली. मग फार मायेनं बोलले. शिकलंच पाहिजे, मुलींनी तर शिकलंच पाहिजे. पण इतक्या लांब, परक्या मुलखात, परकी भाषा. आणि ती पदवी तरी काय, धड हे ना धड ते. उद्या नोकरी देणारा विचारेल, तू नक्की कोण? त्यापेक्षा आपलं कॉलेज काय वाईट आहे? कॉम्प्युटरला आजच्या आज जागा देतो. फी नको. घरी राहून शिकेल.

"आणि अर्थशास्त्र?" मी विचारलं.

"ते कशाला पाहिजे, बाळ?" नाना हसले. "कॉम्प्युटर शीक. कॉम्प्युटर गुणी असतो. सांगू ते करतो. भावाचं बघायला आम्ही म्हातारे आहोत की."

अव्वा चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "नाना, तुमचा नातू अमेरिकेत काय शिकतो म्हणाला होतात?"

नानांनी चहा घेतला. "तोही असलंच काहीतरी," म्हणाले. "त्याचं वेगळं आहे."

जाताना त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सहज बोलावं तसं बोलले. "उद्या सौद्याला भेटूच. पोरीला पण आणा."

रात्रभर माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, अण्णा गप्प का आहेत? सकाळी मी तिरीमिरीत गाळ्यावर गेले. ठरवून गेले होते की चार माणसांत विचारायचं, मला पाठवणार का नाही, एकदा तोंडानं बोला. सौदा सुरू व्हायचा होता. गाळ्यापुढं एकच ढीग. खरेदीदार पान खात उभे. नाना खुर्चीवर.

"अण्णा, मी आज विद्यापीठाला होकार कळवणार आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग खरेदीदारांकडं. खुंटीवरचा रुमाल काढला.

"हात दे," ते म्हणाले.

मला राग आला. ही काय खेळायची वेळ आहे? पण त्यांचा हात रुमालाखाली तसाच थांबलेला होता, म्हणून दिला. आत त्यांची बोटं घामानं चिकट झालेली. त्यांनी माझी करंगळी धरली. सोडली. हात थोडा मागं घेतला, जसा एक खरेदीदार जातो आणि दुसरा येतो. परत धरली, करंगळीच. सोडली. परत करंगळी. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते समोर बघत होते, आणि जे जे समोर उभे होते त्या प्रत्येकाच्या नावानं ते माझी करंगळी धरत होते. पहिल्यांदा नाना. मग त्यांच्या शेजारचे. मग त्यांच्या शेजारचे. ओळीनं.

"सगळे?" मी हळू विचारलं.

अण्णांनी डोळे मिटले आणि उघडले.

"कधीपासून?"

त्यांची नजर गाळ्यातल्या कॉम्प्युटरकडं गेली, जिथं टोपी घालून ते माझ्याशेजारी बसले होते.

तेव्हा मला कळलं. मी मुलाखतीत जे शोधून काढीन म्हणाले होते, तेच माझ्या बापाच्या हातावर चाललं होतं. आठवड्यामागून आठवडा, भर दिवसा, शेकडो डोळ्यांसमोर. पुरावा म्हणाल तर एका म्हाताऱ्या हाताची करंगळी. तोंडानं बोलले असते तर शपथ मोडली असती. म्हणून ते बोलले नाहीत, त्यांनी भाव दिला. मी जाणार असेन तर या गाळ्याचा भाव हा. आणि जा किंवा जाऊ नको, हे त्यातही ते म्हणाले नाहीत. शेवटच्या खरेदीदारापर्यंत आल्यावर त्यांनी हात सैल सोडला. आता तू धर, जे धरायचं ते.

लोक बघत होते. कुणीतरी म्हणालं, बापलेकीचा सौदा बघा काय रंगलाय. हशा झाला.

मी अण्णांचा पूर्ण पंजा धरला. घट्ट. त्यांना काय कळायचं ते कळलं. रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, त्या पिवळ्या कापडानंच, आणि डोळ्यांत हळद गेली म्हणून आत निघून गेले.

मी नानांच्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिले.

"नुसतं कॉम्प्युटर," मी म्हटलं. "घेते मी तुमच्या कॉलेजात."

"शहाणी आहेस," नाना म्हणाले.

त्याच दिवशी आमच्या गाळ्यापुढच्या एकुलत्या एका ढिगाला पेठेतला सगळ्यात चढा भाव निघाला. विद्यापीठाला मी फोन केला. पांढऱ्या केसांच्या बाई स्वतः बोलल्या. कारण विचारलं. घरगुती अडचण म्हटलं. त्या म्हणाल्या, रुमालाची गोष्ट मी माझ्या वर्गात सांगितली. मी फोन ठेवला. अव्वा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि अण्णांशी किती दिवस बोलली नाही ते तिलाच ठाऊक.

यंत्राचं शिक्षण झालं, पुण्यात नोकरी लागली. अर्थशास्त्र मी स्वतःच वाचलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, कुणी न शिकवता. त्याचं प्रमाणपत्र माझ्याकडं नाही. त्यामुळं त्यावर मी काही बोलले की लोक विचारतात, मॅडम, हा तुमचा विषय आहे का?

नाना गेले. त्यांच्या जागी त्यांचा तो नातू आला, अमेरिकेहून, तीच माझी पदवी घेऊन. दोन्ही मिळून एक. त्याला म्यान पुरलं. पेठेत रुमाल बंद करून लिलाव पडद्यावर आणायचं ठरलं तेव्हा काम कसं व्हायचं ते त्यानं ठरवलं, आणि फिरत फिरत ते आमच्या कंपनीत आलं. माझ्या टेबलावर. बोली प्रत्येक खरेदीदारानं आपल्या मोबाइलवरून द्यायची. पेठेच्या कचेरीत बसलेल्या माणसाला सगळ्या दिसणार. गाळ्यापुढच्या मोठ्या पडद्यावर दिसणार शेवटचा आकडा, तेवढाच.

मी बैठकीत विचारलं, माल आणणाऱ्याला बाकीच्या बोल्या का दिसत नाहीत?

तो कॉम्प्युटरच्या पडद्यावरून हसला. हसणं आजोबांचं. "मॅडम, तुम्ही फक्त कॉम्प्युटरचं बघा ना."

उद्घाटनाला अण्णांना नेलं. ते आता काठी घेऊन चालतात. नारळ फुटला, भाषणं झाली. पारदर्शक हा शब्द इतक्या वेळा आला की फुग्यासारखा फुगला. पडदा लागला, कुणाचीतरी हळद पुकारली गेली, निळ्या चौकटीत एक आकडा उमटला. टाळ्या वाजल्या. ज्याची हळद होती तो पडद्याकडं तोंड वर करून उभा होता, दादू खोत उभे राहिले होते तसाच.

अण्णांनी बराच वेळ पडदा न्याहाळला.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. मग जवळ सरकून, "रुमाल कुठाय ग?"

"पडद्याच्या आत आहे, अण्णा," मी म्हटलं.

अण्णांनी काठी डाव्या हातात घेतली, आणि सगळी पेठ बघत असताना, वर काही न झाकता, त्यांनी माझी करंगळी धरली.